सोमीबाईचं उखळ आणि तिसरा खांब

एकोणीस वर्षं मी रोज सकाळी आठ वाजता एक आकडा लिहिला. धरणाच्या पाण्याची त्या सकाळची उंची. माझ्या लग्नाची बोलणी चालली असताना ‘मुलगा नेमकं करतो काय’ हे मुलीकडच्यांना समजावताना वडिलांची फार पंचाईत झाली होती. खांबावरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा, एवढ्यासाठी सरकार माणूस ठेवतं हे त्यांनाच पटत नव्हतं. शेवटी त्यांनी “पाण्याच्या खात्यात आहे, साहेबांच्या हाताखाली” एवढ्यावर वेळ मारून नेली. लग्न जमलं. बायको शिक्षिका होती आणि तिला सिल्वासाच्या मराठी शाळेत नोकरी मिळाली, त्यामुळे खेडजवळचं आमचं गाव सोडून आम्ही दोघं तिथल्याच डोकमर्डीला बिऱ्हाड करून राहिलो ते कायमचेच.

हे ऐंशीच्या दशकातलं. दमणगंगेवरचं धरण तेव्हा नवं होतं आणि मीही. रोज सकाळी सायकलने, पुढे स्कूटरने, राखोलीवरून धरणावर जायचं. राखोलीला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. धुळ्या-जळगावची पोरं डबे घेऊन पाळीला निघालेली असत. त्यांची अहिराणी, मुकादमाची हिंदी आणि चहावाल्याची गुजराती यांची अशी काही मिसळ झाली होती की, नवा माणूस दोन महिन्यांत तिन्ही भाषा बोलू लागे आणि आपली विसरे. मीही घरी “चालेल ने?” म्हणायला लागलो, तेव्हा बायकोने डोक्याला हात लावला.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं धरण म्हणजे टाकी. निम्मी उंची म्हणजे निम्मं पाणी. तसं नसतं. धरणाचा तलाव कढईसारखा असतो, वर पसरट आणि खाली निमुळता. कढईतलं दूध वरून बोटभर आटलं तर पेलाभर कमी होतं, तळाशी बोटभर आटलं तर घोटभर. म्हणून उंची कळली की एक मोठा तक्ता उघडायचा, आम्ही त्याला टेबल म्हणत असू, आणि त्या उंचीला साठा किती ते काढायचं. मग वायरलेसवरून ऑफिसला कळवायचं. त्या आकड्यावर ठरायचं की, कालव्याला शेतीसाठी पाण्याच्या किती पाळ्या सोडायच्या, कारखान्यांना किती द्यायचं आणि गावांच्या पिण्यासाठी किती राखून ठेवायचं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मात्र अर्ज न करता पाणी न्यायचं, ते म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यात तलावावरून उडून जाणारं पाणी बघितलं की, कालव्याच्या एखाद्या चारीवर दोन शेतकरी घमेलंभर पाण्यासाठी भांडताना बघून हसू यायचं. त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आणि तळाचं काही पाणी कधीच सोडता येत नाही, कारण ते कालव्याच्या दाराच्या खाली असतं. त्याला मृत साठा म्हणतात. एकदा एक पाहुणा मला खूप वेळ सांत्वनाच्या सुरात काहीबाही विचारत राहिला. त्याला वाटलं होतं त्या पाण्यात कोणी दगावलं आहे.

राखोलीचा चहावाला रोज माझ्या स्कूटरला हात करायचा. “साहेब, आज केटला?” मी आकडा सांगायचो. मला वाटायचं, काय हा जागरूक नागरिक! वर्षभराने कळलं, त्याला फक्त दशांशानंतरचे दोन आकडे हवे असायचे. तो आणि त्याचे चार दोस्त त्यावर सट्टा लावायचे. त्या दिवसापासून मी त्याला परवाचा आकडा सांगू लागलो. पुढे वासोण्याला सिंहांची सफारी झाली, तेव्हा माझ्याकडे नातेवाईक अचानक प्रेमाने येऊ लागले. मी त्यांना आधी धरण दाखवायचो. ते माना डोलवायचे आणि विचारायचे, “सिंह किती वाजता बघायला मिळतो?”

सोमीबाईला मात्र धरणच बघायचं असायचं. खरं तर धरणाखाली काय आहे ते.

ती वारली जमातीची बाई, तेव्हा पन्नाशीची असेल. तिचं घर, शेत, अंगण सगळं तलावात गेलेलं. बदल्यात कालव्याच्या अगदी शेपटाला तिला जमीन मिळाली होती. घर मोडताना त्यांनी वासे, कौलं, दारं सगळं गाडीत घालून नेलं. फक्त अंगणात गाडलेलं दगडी उखळ तेवढं निघालं नाही. ते तिच्या सासूच्या सासूने बसवलेलं म्हणे. चार माणसांनी पहारी लावल्या, उखळ हललं नाही. पाणी आलं आणि ते तिथेच राहिलं.

पण तलाव दर उन्हाळ्यात उतरतो. उतरता उतरता तिच्या अंगणापर्यंत येतो आणि कधी एप्रिलच्या शेवटी, कधी मेमध्ये उखळाचा काठ उघडा पडतो. सोमीबाई शेपटाकडून दोन बस बदलून आणि मग पायी अशी यायची, उखळातला गाळ काढायची, धुवायची, सोबत आणलेला भात त्यात कांडायची आणि तांदूळ घेऊन परत जायची. घरी कांडायला काही नव्हतं असं नाही, गिरणीही आली होती. मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही.

पहिल्या वर्षी तिने मला खांबाजवळ वहीत लिहिताना पाहिलं आणि सरळ विचारलं, “सायब, तू रोज काय लिवतस?”

मी सांगितलं, पाणी किती आहे ते.

“मंग माझा उखळ कवा निघल ता सांग.”

मी टेबल काढलं, तिच्या अंगणाच्या उंचीचा अंदाज बांधला, पाणी रोज किती उतरतंय ते बघितलं आणि ऐटीत एक तारीख सांगितली. त्या तारखेच्या दोन दिवस आधीच उखळ निघालं. ती हसून म्हणाली, “तुझी वही शिकलेली हाय, पन माझा उखळ म्हातारा हाय. त्याला जास्ती कलतं.” मी चिडलो. त्या दिवशी मी जाऊन बघितलं, पाणी नेमकं उखळाच्या काठाला लागलेलं होतं, आणि त्या सकाळची उंची माझ्या खाजगी डायरीत ‘उखळ’ असं लिहून नोंदवली. पुढच्या दोन्ही वर्षी उखळ बरोबर त्याच उंचीला निघालं, अगदी बोटाचाही फरक नाही. मग तिला तारीख सांगताना मी त्या नोंदीवरून सांगू लागलो आणि माझी तारीख एखाद्या दिवसाच्या फरकाने खरी ठरू लागली. तिने मला एवढंच म्हटलं, “आता जरा शिकलास.”

ही सगळी प्रस्तावना झाली माझ्या चुकीची.

पाण्याची उंची मोजायला आमच्याकडे धरणाच्या उतारावर पाच खांब होते, पायऱ्यांसारखे एकाखाली एक. प्रत्येकावर आकडे रंगवलेले. पाणी उतरत गेलं की वरचा खांब कोरडा पडतो आणि खालच्या खांबावर वाचायचं. पण वरचा पूर्ण कोरडा पडायच्या आधी काही दिवस पाणी दोन्ही खांबांना लागलेलं असतं. त्या दिवसांत एकदा दोन्ही खांबांवरचे आकडे वाचून ते जुळतात का ते बघायचं, रजिस्टरात दोन्ही लिहायचे आणि सोबतच्या माणसाची साक्ष घ्यायची, असा नियम होता. आमच्यात त्याला ‘खांबांची भेट’ म्हणत. भेट झाल्याशिवाय खालच्या खांबावर विश्वास ठेवायचा नाही. हे माझ्या आधीच्या मापकाने मला पहिल्याच दिवशी, माझा कान धरावा तशा आवाजात, सांगितलं होतं.

त्या वर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाची भेट होती, त्या दिवशी बायकोच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी पाहुण्यांना गुच्छ देणार होतो. म्हणून पांढरी कडक इस्त्रीची पँट घालून कामावर आलो. तिसरा खांब खाली, गुडघाभर चिखलात. मी दुसरा खांब वाचला, तिसऱ्याकडे लांबूनच नजर टाकली आणि दोन्ही रकान्यांत तोच आकडा लिहिला. नावाडी मगनभाई सोबत होता. तो म्हणाला, “साहेब, नीचे नथी जवानू?” मी म्हटलं, “दिसतोय की इथून.” त्याने बिचाऱ्याने सही केली. पँट शेवटपर्यंत पांढरी राहिली आणि गुच्छ देतानाचा माझा फोटोही छान आला.

दुसऱ्याच दिवशी मी धाकट्या बहिणीच्या लग्नाला दहा दिवस रजेवर गेलो. त्या दिवसांत मगनभाई पाणपातळी लिहिणार होता. “रोज बघायला नको,” मी त्याला म्हटलं, “रोज दोन-अडीच सेंटिमीटर कमी करत जा, मी आल्यावर बघतो.” अशा आकड्याला आमच्यात ‘घरची लेव्हल’ म्हणत. मी एकटाच तसं करत होतो असं नाही, पण इथे दुसऱ्यांबद्दल लिहायचं नाही.

परत आलो. तोवर चिखल वाळला होता. तिसऱ्या खांबावर वाचलं, तर मगनने लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाणी वीतभर जास्त. मी विचार केला, मधे काही दिवस कालवा बंद होता, म्हणजे पाणी कमी उतरलं असणार आणि आमचा अंदाज चुकला. खांबावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, कारण भेटीच्या रकान्यात दोन्ही खांब जुळल्याची नोंद होती. ती नोंद मीच केली होती, आणि आता मीच तिच्यावर विश्वास ठेवला. ऑफिसात सगळे खूश झाले. वीतभर पाणी म्हणजे काय, असं वाटेल. पण वीतभर पसरलेलं पाणी, तेही सबंध तलावावर! टेबलात बघितलं तर ते उन्हाळ्यातल्या जवळजवळ एका पाळीचं पाणी होतं. साहेबांनी जाहीर करून टाकलं की, यंदा उन्हाळी भाताला शेवटची पाळी नक्की. शेपटाकडच्यांनी त्या भरवशावर लावणी वाढवली. सोमीबाईनेही तिच्या सगळ्या जमिनीत भात लावला. आधी ती अर्ध्यातच लावायची.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी मी खांब वाचून वर आलो, तर सोमीबाई उतारावर बसलेली. भात कांडायला आली तर डोक्यावर टोपली असते. आज पाणी कुठवर उतरलं ते नुसतं बघायला, रिकाम्या हाताने आली होती.

“सायब, उखळ निघाला.”

“आज? शक्यच नाही. अजून आठ-दहा दिवस आहेत. बघ, डायरीत आहे माझ्या.”

“तुझ्या डायरीत कायपन असल. उखळ काय पोहत वर नाय येत.”

मी तिला गाळाचं काहीतरी सांगू लागलो, जमीन उकरली असेल, कोणी दगड सरकवला असेल. तिने हाताने मला थांबवलं. मग म्हणाली, “मी भांडाय नाय आली. माझा भात पोटरीत हाय, कनीस आता येल. उखळ एवढा लवकर निघाला, म्हंजे पानी कमी हाय. मना एक सांग, शेवटची पाली माझ्या शेतापर्यंत येल का?”

मी तिच्याबरोबर गेलो. दोन मैल काठाकाठाने. उखळ उघडं होतं. काठ अजून ओला, आणि पाणी काठाच्या एक बोट खाली. पहारींच्या जुन्या खुणा तशाच. हे उखळ कोणी हलवलेलं नव्हतं.

परत येऊन मी मगनभाईला गवंड्याची ती पारदर्शक नळी आणायला सांगितली. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, गवंडी तिने भिंतीची पातळी बघतात. एक टोक दुसऱ्या खांबाच्या खालच्या खुणेला, दुसरं तिसऱ्या खांबाला. तिसरा खांब वीतभर खाली बसला होता. वाकडा झाला असता तर लांबूनही दिसलं असतं. तो सरळ उभा होता आणि सरळच्या सरळ खाली गेला होता. म्हणजे दोन महिने मी रोज नसलेलं पाणी लिहीत होतो. ते पाणी साहेबांनी वाटून टाकलं होतं आणि सोमीबाईने त्यावर भात लावला होता.

खोटं का बोलू, तासभर मी गप्प राहायचा विचार केला. रोज एकेक सेंटिमीटर जास्त उतरल्याचं दाखवलं तर महिन्याभरात आकडा आपोआप खरा झाला असता. कोणालाच कळलं नसतं. पण तोवर पाळी वरच्या गावांपासून सुरू झाली असती आणि निम्म्या कालव्यात पाणी संपलं असतं. शेपटाला नुसता ओला चिखल. मला माझ्या त्या पँटची अशी काही लाज वाटली की ती पुढे मी कधी घातलीच नाही. बायकोने भांडी घ्यायच्या वेळी बोहारणीला देऊन टाकली.

आमचे साहेब गुजराती, शिस्तीचे, आवाज कधी न चढवणारे. आवाज चढवणारे साहेब परवडतात. मी सगळं सांगितलं.

त्यांनी रजिस्टर उघडलं. “भेट किसने देखी थी?”

“कोणीच नाही, साहेब.”

“साइन किसकी है?”

“माझी. मगनची सही मी करायला लावली, त्याची चूक नाही.”

त्यांनी भेटीच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, “और ये पता किससे चला?”

मी म्हटलं, “उखळाकडून.” त्यांना उखळ म्हणजे काय ते हाताने कांडून दाखवावं लागलं. आता ओरडतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “वो बाई हर साल आती है? और लेवल हर साल सेम?” मी डायरी पुढे केली. तीन वर्षांच्या तीन नोंदी, एकच आकडा. ते म्हणाले, “ये डायरी आपने अपने मन से रखी और रजिस्टर सरकार के लिए. देखिए, सच्ची कौन सी निकली.” त्याहून त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेच्या दुर्बिणीने पक्की पातळी काढली. माझी नळी बरोबर निघाली. मग साहेबांनी असा हुकूम काढला, जो तोवर आमच्या कालव्यावर कधी निघाला नव्हता. शेवटची पाळी शेपटाकडून सुरू होईल. आधी शेवटच्या चाऱ्या भरायच्या, मग मधल्या, आणि वरच्या गावांना उरेल ते. वरच्या बऱ्याच लोकांकडे विहिरी होत्या, शेपटाकडे काही नव्हतं. आणि हे वरच्या गावांना समजावायची जबाबदारी कोणाची, हे साहेबांनी सांगायची गरज नव्हती.

सहा दिवस मी कालव्याच्या काठाने चाललो. पाणी डोळ्यांसमोरून वाहतंय आणि आपलं दार बंद, हे शेतकऱ्याला सांगून बघा. एका म्हाताऱ्या बागायतदाराने मला त्याच्या आंब्याखाली बसवलं, ताक पाजलं आणि मग सावकाश, एकही अपशब्द न वापरता, माझ्या शिक्षणाचे, खात्याचे आणि पिढ्यांचे वाभाडे काढले. मी म्हटलं, “काका, चूक माझीच आहे. खांब मी बघितला नाही.” तो थांबला. म्हणाला, “सरकारी माणूस आणि चूक माझी म्हणतो? अरे, हे पहिल्यांदा ऐकलं.” आणि त्याने आपल्या दोन शेजाऱ्यांनाही दार उघडू दिलं नाही. असे सगळेच भेटले असं नाही. एका ठिकाणी मला चारीत ढकललं. पाणी कमरेइतकं होतं, म्हणजे माप बरोबर चाललं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी पाणी अगदी शेवटच्या चारीत पोहोचलं. सोमीबाई बांधावर उभी होती. पाण्याचं टोक आलं, पुढे पालापाचोळा ढकलत, थांबत, पुन्हा सरकत, आणि तिच्या शेतात वळलं. घोटाभर झालं तेव्हा ती आत उतरली आणि रोपांमधून फिरून आली. मला वाटलं आता काही बोलेल. तिने विचारलं, “तुझं कपडं कशानं भिजलं?” मी सांगितलं. ती इतकी हसली की बांधावर बसावं लागलं तिला. मला राग यायला हवा होता, पण मीही हसलो. सहा दिवसांत पहिल्यांदाच.

भात झाला. जून लागायच्या आत एका सकाळी ती खांबाजवळ आली आणि पळसाच्या पानात बांधलेले पोहे माझ्या वहीवर ठेवले. त्याच भाताचे, त्याच उखळात कांडलेले. जाड, लालसर, थोडी रेती असलेले. बायकोने कांदा घालून केले. रेतीसकट खाल्ले आम्ही.

माझ्या सेवापुस्तकात त्या चुकीची नोंद झाली, लाल शाईने. ती अजून आहे. निवृत्तीच्या वेळी कारकुनाने विचारलं, “काय हो, हे काय?” मी म्हटलं, “भूषण आहे.” त्याला विनोद वाटला. मला पूर्ण विनोद वाटत नाही.

साहेबांनी आणखी एक केलं. उखळाची पक्की पातळी काढून घेतली आणि खांबांना ताळा म्हणून रजिस्टरात एक नवा रकाना आखायला लावला. रकान्याचं नाव ‘उखळ’. रंगारी लाल रंगाचा डबा घेऊन उखळावर बाण काढायला गेला, तेव्हा सोमीबाई तिथेच होती. “माझ्या उखळाला रंग लावशील तर तुझ्या डोक्याला लावीन,” ती म्हणाली. रंगारी डबा घेऊन परत आला. साहेबांनी शांतपणे फर्मावलं, “रहने दो. बाई ही मार्क है.”

वर्षं गेली. राखोलीच्या शेडचे मोठे कारखाने झाले, डोकमर्डीत इमारती आल्या, माझी बढती झाली तरी सकाळचा आकडा मी सोडला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे पाऊसमान असं काही चांगलं झालं की तलाव उन्हाळ्यातही फारसा खाली जाईना. शेतीला पाणी, कारखान्यांना पाणी, पिण्याला पाणी, कशाची ओरड नाही. आमच्या खात्यात आनंदीआनंद. सलग तीन वर्षं उखळ निघालं नाही. सोमीबाई तीन वर्षं येऊन काठावरून पाणी बघून परत गेली. आता ती काठी टेकत यायची.

माझ्या तिथल्या शेवटच्या उन्हाळ्यात, मेच्या अखेरीस ती आली. “सायब, औंदा निघल का?”

मी टेबल उघडलं. खरं तर गरज नव्हती, मला पाठ होतं. पाऊस दारात होता, आता पाणी याहून खाली जाणार नव्हतं. एवढी वर्षं तिला मी तारखा सांगितल्या होत्या. ‘बघू, निघेल’ असं म्हणून तिची समजूत काढणं काही कठीण नव्हतं. पण तिच्यापुढे घरची लेव्हल चालत नाही.

“नाही निघणार, बाई. उखळाच्या काठावर पस्तीस सेंटिमीटर पाणी राहील. एवढं.” मी हात पुढे करून कोपराच्या थोडं खाली बोट ठेवलं.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. “एवढाच?”

“एवढंच.”

“मंग हात पोचल की.”

मला हे सुचलं नव्हतं. एकोणीस वर्षं पाण्याची उंची मोजली, पण एवढ्याशा पाण्यात हात घालता येतो हे मला सुचलं नव्हतं. मगनभाईने होडी काढली. जागा तिने दाखवली. समोरच्या डोंगरातली खिंड आणि काठावरचा ताड एका रेषेत आले की तिचं अंगण. “हां, थांब. जरा मागं. हितं.” मगनने वल्हं रोवून होडी धरून ठेवली. मी तिचा पदर आणि कंबर धरली आणि ती होडीच्या कडेवर ओणवी झाली.

हात पाण्यात गेला. मनगट, मग त्याच्या वर. पाणी गढूळ, काही दिसत नव्हतं. तिने चाचपलं. पुन्हा चाचपलं. आकडा माझा होता. पाणी कोपराच्या थोडं खाली आलं आणि तिचा हात थांबला.

“हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं झालं, आता वर येईल. पण तिने मूठभर गाळ बाहेर काढला आणि बाजूला टाकला. पुन्हा हात घातला, पुन्हा मूठभर. चार वर्षांचा गाळ तिने तसाच, न बघता, एका हाताने उपसला. आतली बाजू बोटांनी पुसली, काठावरून हात गोल फिरवला. मगन दुसरीकडे बघत होता. मीही.

वर बसल्यावर ती पदराने तोंड पुसत माझ्याकडे वळली. “तुझा आकडा खरा हाय, सायब.”

होडी काठाला लागली. मी रजिस्टर उघडलं आणि ‘उखळ’ रकान्यात लिहिलं, पस्तीस सेंटिमीटर पाण्याखाली. पुढे साक्षीची जागा होती. रजिस्टर तिच्यासमोर धरलं. अंगठ्याला शाई लावायची आठवण मला होण्याआधीच तिने अंगठा टेकवला, आणि तो गाळाचा उमटला.